कापून मिळेल का?

काही प्रश्न ऐकले की माझं डोकं फिरतं. त्यात सध्या पहिल्या नंबरावर आहे, "बॉडी कापून मिळेल का?"

ज्यांना रिमोटच्या गाड्यांचा नाद नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. (नाद असलेल्यांनी हा परिच्छेद खुशाल ओलांडावा.) मी म्हणतोय ती जत्रेतली, दुसऱ्या दिवशी चाक निखळणारी गाडी नव्हे. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, सस्पेन्शन, डिफरन्शियल असं सगळं असलेली, स्क्रू न् स्क्रू सुटा करता येणारी गाडी. तिच्या सांगाड्यावर जे टरफल बसतं ती बॉडी. पॉलिकार्बोनेटचा पातळ, पारदर्शक तक्ता तापवून मऊ करतात, साच्यावर ओढतात आणि खालून हवा शोषून घेतात. तक्ता साच्याला चिकटतो आणि गार झाला की गाडीचा आकार घेऊन बाहेर येतो. पण नुसता गाडीचा आकार नाही. सभोवती हॅटसारखा रुंद काठ, चाकांच्या जागी बंद भिंती, बंपरखाली झालर, असा सगळा ऐवज सोबत येतो. हा नको असलेला भाग आपण कापायचा, रंग आतल्या बाजूने द्यायचा (बाहेर ओरखडे पडले तरी रंग शाबूत राहावा म्हणून), सांगाड्यावरच्या खांबांसाठी भोकं पाडायची आणि मग बॉडी चढवून वरून पिना लावायच्या.

हल्ली बहुतेक जण पहिली गाडी 'रेडी टू रन' घेतात. खोका उघडा, बॅटरी चार्ज करा, पळवा. त्यात बॉडी रंगवून, कापून, स्टिकर लावून येते. त्याला माझी अजिबात हरकत नाही, नाद लागायला काहीतरी निमित्त हवंच. पण गाडी म्हटली की ती आपटणार, उलटणार, कुंडीवर धडकणार. काही महिन्यांत पहिल्या बॉडीच्या चिंध्या होतात. मग नवी मागवली जाते आणि ती येते काचेसारखी कोरी, न कापलेली. आणि मग तो प्रश्न येतो.

खरं सांगायचं तर मला चीड प्रश्नाची येत नाही, उत्तरांची येते. नवख्याला काय, त्याला माहीतच नसतं. पण अनुभवी मंडळी त्याला ठेवणीतली तीन उत्तरं देतात. एक, "कापलेलीच मागव." दोन, "ड्रेमेल घे, पाच मिनिटांचं काम आहे." तीन, "अमक्याकडे दे, तो करून देतो." तिन्ही उत्तरांच्या मागे गृहीत एकच आहे: कापणं ही मधली कटकट आहे, खरी मजा त्याच्या अलीकडे आणि पलीकडे. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. या नादात जे काही शिकण्यासारखं आहे त्यातलं निम्मं त्या कापण्याच्या दोन तासांत आहे. ते टाळायला शिकवणारा माणूस नवख्याचा वेळ वाचवत नाही, त्याचा हात काढून घेतो.

दुसऱ्या उत्तरापासून सुरुवात करतो, कारण ते दिसायला सगळ्यात शहाणं आणि प्रत्यक्षात सगळ्यात वाईट आहे.

आपण कापतोय काय ते आधी बघू. पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीचे हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, तयार केलं. अमेरिकन कंपनीने त्याला 'लेक्सन' नाव दिलं आणि आमच्या लोकांच्या तोंडी तेच बसलं. घरातल्या जुन्या गाण्यांच्या सीडी याच्याच. चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांच्या डोक्यावरचा पारदर्शक गोल घुमट याचाच. हातोडी मारली तरी सहसा फुटत नाही, वाकतं आणि परत येतं. म्हणूनच ते भिंतीवर आपटणाऱ्या गाडीला चालतं.

पण या पैलवानाची दोन दुखरी ठिकाणं आहेत, उष्णता आणि खाच.

उष्णतेचं असं, की साधारण १४७ अंश सेल्सिअसला ते मऊ पडायला लागतं. आता मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फिरणारी ड्रेमेलची चकती त्याला लावा. ती कापत नाही, वितळवते. वितळलेलं प्लॅस्टिक कडेला मण्यांसारखं गोठतं, चकतीला चिकटतं, कधी मागच्या मागे परत जुळतं. शिवाय वक्र पृष्ठभागावर चकती घसरली की ती थेट रंगवलेल्या बोनेटवरून फिरून येते. आणि उडणारी धूळ आणि कण तुमच्या नाका-डोळ्यांत जातात ते वेगळंच. (वापरायचंच असेल तर गॉगल आणि मास्क लावा, हे 'पाच मिनिटांचं काम' सांगणारा कधी सांगत नाही.) ड्रेमेल वाईट यंत्र नाही. जुन्या ग्रासहॉपरसारख्या गाडीची कडक, जाड प्लॅस्टिकची बॉडी असेल, लोखंडी स्क्रूचं डोकं उडवायचं असेल, तर जरूर वापरा. घासायचा छोटा ड्रम लावून, वेग अगदी कमी ठेवून, चाकाची कमान शेवटी सारखी करायलाही हरकत नाही. पण पाऊण ते दीड मिलिमीटर जाडीचं पातळ टरफल कापायला ते घेणं म्हणजे भाजीची जुडी सोडायला करवत काढण्यासारखं आहे. हात बसलेला नाही म्हणून यंत्र आणायचं आणि यंत्राने बिघडलं की म्हणायचं प्लॅस्टिकच हलकं होतं. नाचता येईना अंगण वाकडं!

आता दुसरं दुखरं ठिकाण, खाच. गुळगुळीत कडेचं पॉलिकार्बोनेट प्रचंड मार खातं. पण कडेला एक बारीक टोकदार खाच ठेवा, की पुढच्याच धडकेत तिथून तडा सुरू होतो. सगळा ताण त्या टोकाशी गोळा होतो म्हणून. हे फक्त खेळण्यातल्या गाड्यांचं नाही. १९५४ साली 'कॉमेट' जातीची दोन प्रवासी जेट विमानं तीन महिन्यांच्या अंतराने हवेतच फुटली. चौकशीसाठी इंग्लंडमध्ये एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर पुन्हा पुन्हा दाब दिला गेला, तेव्हा निघालं ते हेच. पत्र्यात कापलेल्या उघड्या जागांच्या कोपऱ्यांशी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त ताण साठत होता आणि धातू तिथे थकत होता. विमानांच्या खिडक्यांचे कोपरे आज गोल असतात. तुमच्या बॉडीच्या मडगार्डचा आणि बंपरचा कोपरा जिथे मिळतो तोही गोलच हवा. कोपऱ्यात आधी तीनेक मिलिमीटरचं भोक पाडा आणि दोन्हीकडची रेघ त्या भोकात आणून संपवा. झालं. दोन मिनिटांचं हे काम बॉडीचं आयुष्य वाढवतं. आणि तडा गेलाच, तर त्याच्या टोकाशी असंच बारीक भोक पाडलं की तो सहसा पुढे सरकत नाही. जो स्वतः कापतो त्याला हे कळतं. कापून घेणाऱ्याला फक्त एवढंच कळतं की 'बॉडी फुटली'.

बरं, मग कापायचं कशाने? चार गोष्टी पुरतात: एक वाकड्या पात्याची छोटी कात्री, एक कटर, एक रीमर आणि पॉलिश पेपर. लेक्सनची कात्री म्हणून वेगळी मिळते ती उत्तमच. पण पुण्यात बोहरी आळीत चक्कर मारली किंवा एखाद्या सर्जिकलच्या दुकानात डोकावलं, तरी आखूड, जाड, वाकड्या पात्याची कात्री मिळून जाते. दातांचे डॉक्टर धातूची टोपी कापायला जी वापरतात ती तर अगदी नेमकी. कटर साधा, तुकडे मोडत जायचे त्या जातीचा. (हा कटर ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी १९५६ साली काढला. चॉकलेटच्या वडीचे तुकडे कसे रेघेवर मोडतात ते बघून सुचलं म्हणे. 'ओल्फा' या नावाचा अर्थच मोडायचं पातं.) त्या कटरचं पातं जसं मोडतं तसंच आपलं पॉलिकार्बोनेट मोडायचं, हीच सगळी युक्ती आहे.

म्हणजे असं. आधी कात्रीने मोठा फापटपसारा उडवायचा, रेघेपासून बोटभर अंतर ठेवून. साच्यातच कापायची रेघ उमटलेली असते, पण पारदर्शक प्लॅस्टिकवर ती दिसत नाही. बॉडी उजेडाकडे तिरकी धरायची आणि दिसेल तशी मार्करने गिरवून घ्यायची. शिंपी आधी खडूची रेघ मारतो आणि मग कात्री हातात घेतो, तसंच. बाहेरच्या बाजूला पातळ संरक्षक फिल्म असते, तिच्यावर गिरवलं तर डागही राहत नाही. मग लांब सरळ रेघांवर नवं पातं लावून कटर हलक्या हाताने ओढायचा. आरपार नाही! नुसती चीर पाडायची, दोनदा-तीनदा, त्याच जागी. मग वाकवायचं, उलट वाकवायचं, की पट्टी रेघेवरून अलगद सुटते. कड इतकी स्वच्छ येते की कात्रीची कधीच येणार नाही. चाकाच्या कमानीलाही हेच. कमानीवर चीर पाडायची, आतल्या नको असलेल्या भागाला कात्रीने उन्हाच्या किरणांसारखे काप द्यायचे आणि एकेक पाकळी पकडीने धरून सोलायची. जिथे वळण फारच आखूड आहे तिथे वाकडी कात्री, पात्याचं वळण आणि रेघेचं वळण एकाच दिशेला ठेवून. कात्री टोकापर्यंत मिटायची नाही. मिटलीत की प्रत्येक वेळी टोकाशी एक बारीक खाच पडते आणि खाचेचं काय होतं ते वर सांगितलंच. शेवटी चारशे नंबरचा पॉलिश पेपर औषधाच्या बाटलीला गुंडाळून कमानीतून फिरवायचा.

आणि क्रम? यावर आमच्यात हाणामारी व्हायचीच बाकी असते. माझं मत: भोकं आधी, मग रंग, मग कापणी. बॉडी पारदर्शक असते तोवर ती सांगाड्यावर ठेवली की खांबांची टोकं आरपार दिसतात. तिथे ठिपका द्या, बारीक भोक पाडा, रीमर घालून दर दोन फेऱ्यांनी खांब बसतोय का बघा, कारण रीमर निमुळता असतो आणि भोक बघता बघता मोठं होतं. एकदा रंग मारला की हे सगळं अंदाजपंचे. उलट कापणी रंगानंतरच बरी, कारण तो बाहेरचा नकोसा काठ रंगवताना बॉडी धरायला उपयोगी पडतो आणि टरफलाला ताठ ठेवतो. 'आधी कापू, मग रंगवू' म्हणणाऱ्यांचंही एक म्हणणं खरं आहे. चाकं मोठी असतील तर कमान किती हवी ते बघायला आधी थोडं कापावं लागतं. मान्य. पण भोकं रंगानंतर पाडणाऱ्यांना मात्र माझ्याकडे क्षमा नाही. तो आधी कळस मग पाया झाला.

आता पहिलं उत्तर, "कापलेलीच मागव." कारखान्यातली कापणी स्वच्छ असते, नाकारत नाही. पण ती कुठल्या गाडीसाठी कापलेली असते? ठराविक खांबांच्या, ठराविक चाकांच्या, ठराविक उंचीच्या. तुम्ही टायर बदललेत, गाडी पाच मिलिमीटर खाली घेतलीत, की सस्पेन्शन दबलेलं आणि चाक पूर्ण वळलेलं असताना टायर मडगार्डला घासणार. कमान किती मोठी हवी हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. ते सांगाड्यावर बॉडी ठेवून, एका हाताने गाडी दाबून आणि दुसऱ्या हाताने चाक वळवून बघावं लागतं. ज्याने एकदा हे केलं त्याला सस्पेन्शन किती खाली बसतं, चाक वळताना पुढे-मागे किती सरकतं, हे न शिकवता कळतं. मोठ्या ट्रकच्या बॉडीत वेगात हवा भरते आणि ती छत्रीसारखी फुगून गाडी उचलते. मग मागच्या बाजूला, नियमात बसेल तेवढी, जागा कापावी लागते. हवा दिसत नाही, पण कात्री हातात असली की तिच्याबद्दल विचार करावा लागतो.

आणि तिसरं, "अमक्याकडे दे." या 'अमक्या'बद्दल माझी काही तक्रार नाही, चार पैसे मिळवतो बिचारा. तक्रार आहे ती मुलांच्या गाड्या त्याच्याकडे देणाऱ्या पालकांबद्दल.

माझी भाची बारा वर्षांची आहे. तिने स्वतःच्या गाडीची बॉडी स्वतः कापायची ठरवली तेव्हा घरात रीतसर वाद झाला. भावोजींचं म्हणणं, "अरे, तिच्या हातात कटर काय देतोस? मी देतो की कापून." मी म्हटलं, "भावोजी, परवा तिने कोशिंबिरीला काकडी चिरली, तेव्हा सुरीला धार होती ना?" ताई हसली आणि विषय संपला. सुरी चालते कारण ती कामाची, कटर चालत नाही कारण तो खेळाचा! मी बाजूला बसून तीनच नियम सांगितले. पातं नवंच लावायचं, कारण बोथट पात्याला जोर लागतो आणि जोर लावला की ते घसरतं. धरणारा हात नेहमी पात्याच्या मागे. आणि एका दमात कापायचं नाही, तीनदा हलकं ओढायचं. दोन संध्याकाळी लागल्या. डावी कमान उजवीपेक्षा दोन मिलिमीटर मोठी झाली. ती का झाली हे तिला ठाऊक आहे, कारण पाकळी सोलताना तिने उलटं वाकवायचं सोडून ओढलं. मी ते दुरुस्त केलं नाही, भावोजींनाही करू दिलं नाही. तिच्या भाषेत सांगायचं तर, "मामा, आता पुढच्या वेळी मला माहितीये." या वाक्यासाठी मी कितीही बॉड्या वाया घालवायला तयार आहे.

माझ्या म्हणण्यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. बॉडी बाहेरून मागवावी लागते, वाहतूक आणि कस्टम धरून महाग पडते, बिघडली तर? रास्त आहे. म्हणून पहिला हात नव्या बॉडीवर टाकूच नका. फुटलेली जुनी बॉडी आहे ना? तिच्यावर चिरा पाडा, पाकळ्या सोला. किंवा नव्या बॉडीचा जो काठ शेवटी फेकायचाच आहे त्याच्यावर सराव करा, तो त्याच तक्त्याचा तुकडा असतो. फुकटची पाटी मिळालेली असताना कुणी गिरवत नाही, त्याला काय करायचं? दुसरा आक्षेप वेळेचा. जो दर आठवड्याला शर्यतीत उतरतो आणि हंगामात चार-पाच बॉड्या फोडतो, त्याने कापलेली घ्यावी, त्याने पुरेशा कापलेल्या असतात. ज्यांची बोटं संधिवाताने धरली आहेत त्यांनाही माझं काही सांगणं नाही. पण तीन तास मोबाईलवर इतरांच्या गाड्या बघणाऱ्याने मला वेळ नाही म्हणू नये.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा प्लॅस्टिकच्या टरफलासाठी एवढा त्रागा? त्रागा टरफलासाठी नाहीच. शाळेत आम्हाला कार्यानुभव नावाचा विषय होता. त्याच्या वस्तू कोण करायचं? आया, मावश्या, शेवटी शेवटी तर स्टेशनरीचं दुकान. मार्क मात्र आम्हाला. दिवाळीचा किल्ला बघा. माती कालवून, गोणपाट टाकून, हळीव पेरून पोरं करायची तो किल्ला आता प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा, रंगवलेला, विकत मिळतो. दिसायला सुबकच असतो. पण तो घरी आणून गॅलरीत ठेवला, की मुलाला करायला उरतं काय? मावळे मांडणं. हाताने करायच्या प्रत्येक गोष्टीचा अवघड भाग आपण कुणाला तरी देऊन टाकतो आणि उरलेल्या सोप्या भागाला 'छंद' म्हणतो. वर आपणच तक्रार करतो की मुलांना साधा स्क्रू पिळता येत नाही, पेट्रोलपंपावर हवा भरता येत नाही. कुठून येणार? धार, जोर, रेघ, घाई केल्याचे परिणाम, हे सगळं पुस्तकातून येत नाही. ते बोटांतून वर चढतं.

एक दशांश मापाच्या गाडीची बॉडी ही यासाठी फार सोयीची शाळा आहे. चुकलं तर कुणाचा जीव जात नाही, भिंत पडत नाही, फार तर टायर घासतो. बरोबर आलं तर पुढचं वर्षभर ते तुमच्या डोळ्यांसमोर पळत असतं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी एखादा नवखा "कापून मिळेल का?" म्हणाला, तर त्याला दुकानाचा पत्ता देऊ नका. एक फुटलेली बॉडी द्या, एक नवं पातं द्या आणि शेजारी बसा. हात मात्र खिशात ठेवा.